नेटकी चूक

दोघींच्या पुढ्यात एकेक जबडा ठेवून हे म्हणाले, "वरची ओळ बसवायची. संध्याकाळी बघतो."

धाकटीने लगेच बाह्या वर सारल्या. थोरली मात्र जबड्याकडे बघत बसली, जणू तो आता तोंड उघडणार आणि हिच्याबद्दल काहीतरी सांगून टाकणार.

जबडा म्हणजे प्लास्टरचा ठसा, घाबरायचं कारण नाही. आमच्या मागच्या खोलीत कवळ्या तयार होतात. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात. हे त्याचा ठसा करतात, ठशावर मेणाची हिरडी चढवतात आणि मेणात एकेक दात बसवतात. मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरून सगळं शिजून पक्कं झालं की ते माझ्याकडे येतं, मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकापाशी. चकाकी माझ्या हातची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच सकाळी बशीत ठेवलेली कवळी बघून मी किंचाळले होते. आता बशीत कवळी दिसली नाही की मी डबे उघडून बघते, काम कमी झालं की काय म्हणून. आमच्याकडे खाणारी तोंडं चार आणि दात चारशे, असं माझा भाऊ म्हणतो.

त्या दिवशी पोरींना दिलेले दोन्ही ठसे एकाच म्हाताऱ्याचे होते. कवळी तयार व्हायच्या आधीच तो मुलाकडे दुसऱ्या गावी गेला आणि परत फिरकलाच नाही. तिकडे सगळं गिळूनच खात असणार. त्याच्या खालच्या दातांची ओळ ह्यांनी दोन्हीकडे बसवून दिली होती. वरची पोरींनी बसवायची. जिचा हात चांगला पडेल तिने घरी राहून ह्यांच्या हाताखाली काम शिकायचं. दुसरीने कॉलेजात जायचं.

नीट वाचलंत ना? जिचा हात चांगला, ती घरी.

दोघींची शाळा एकाच वर्षी संपली. थोरलीचं एक वर्ष मध्ये काविळीने खाल्लं होतं. तिला इतके मार्क पडले की शाळेने तिला बोलावून फोटो काढला. धाकटीला इतके पडले की तिने घरी येऊन आधी मला मिठी मारली आणि मगच सांगितलं, "पास!" आता अशा वेळी चारचौघं काय करतात? हुशार पोराला कॉलेजात घालतात, आणि अभ्यासात मागे असलेल्याला म्हणतात, जा बाबा, काहीतरी हातकाम शीक. ह्यांचं गणित नेमकं उलटं. हातकामाला डोकं लागतं, म्हणून हुशार पोर हातकामाला. आणि जिच्या हाताला वळण नाही तिला कॉलेज. बिचारीला कागदाचा तरी आधार नको का?

"भाऊजी, हे जगाच्या उलट आहे," माझा भाऊ येऊन म्हणाला. तो कचेरीत आहे, पदवीवाला. "सगळं जग हुशार पोरीला पुढे शिकवतं."

"म्हणून तर जगातल्या कवळ्या सैल असतात," हे म्हणाले.

"अहो, पण एवढे मार्क!"

"मार्क आहेत म्हणूनच. मला सांगा, तुमच्या कचेरीत चूक झाली तर काय होतं?"

"काय व्हायचंय? फाईल परत येते."

"इथे चूक झाली तर माणूस परत येतो. उपाशी."

भाऊ उठला. जाताना दारात चपला घालता घालता मला म्हणाला, "म्हणजे ताई, भाऊजींच्या हिशोबाने मी कॉलेजात गेलो तो हाताला वळण नव्हतं म्हणून?"

"तू भिंतीत खिळा ठोकतोस तेव्हा तसंच वाटतं," मी म्हटलं.

हसलो आम्ही दोघंही. पण हसून प्रश्न सुटत नव्हता. ह्यांना घाई होती, आणि घाईचं कारण ह्यांच्या उजव्या अंगठ्यात होतं. वर्षभर तो थरथरत होता. औषध चालू होतं. त्याने थरथर वाढायची थांबेल, जायची नाही, असं सांगितलेलं. दाढा बसवताना फारसं जाणवत नसे. पण समोरचे दात बसवताना श्वास धरावा लागतो. हे श्वास धरत, अंगठा धरला जात नसे. एकच दात पुन्हा पुन्हा बसवत. मेण गार होई, पुन्हा दिव्यावर धरत. मी पाठ करून मोटर चालू ठेवी. आपण बघत नाही, एवढाच आधार मला देता येत होता.

दोनदा काम परत आलं तेव्हा डॉक्टरीणबाई स्वतः येऊन गेल्या. बाई मायाळू. म्हणाल्या, "काका, घरातलं कुणीतरी तयार करा. मी थांबेन. पण हात एकच ठेवा हं. आज हिचा, उद्या तिचा असं नको, लोकांच्या तोंडाचा प्रश्न आहे." त्या गेल्यावर हे बराच वेळ खिडकीत उभे होते. वळले तेव्हा त्यांच्या तोंडावर काळजी नव्हती. उलट, बक्षीस जाहीर करायच्या आधी हेडमास्तर दिसतात तसे दिसत होते. थोरलीला हाक मारली आणि सांगून टाकलं, "तू."

त्या दुपारी थोरली माझ्या चाकापाशी येऊन बसली. मोटर चालू असली की आमच्या घरात खाजगी बोलता येतं.

"आई, मला कॉलेजला जायचंय."

"मग सांग बाबांना."

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, अगं वेडे, मी तुला कामाला जुंपतोय का? माझ्याकडे आहे नाही ते सगळं देतोय. आणि डोळे भरून आले त्यांचे. आता डोळे भरलेल्या माणसाशी भांडायचं कसं, ते तू सांग."

मी काय सांगणार? लग्न झाल्यापासून मीही तेच शोधत होते.

"बरं, कॉलेजात जाऊन काय व्हायचंय तुला?"

"माहीत नाही."

"अगं, काहीतरी सांग. बाबांपुढे मांडायला बरं पडेल. वकील म्हण, प्राध्यापक म्हण."

"खरंच माहीत नाही, आई. म्हणून तर जायचंय. धाकटीला कळतंय तिला काय हवंय. तिला ही खोली हवी, हे मेण हवं, हा घाणेरडा वाससुद्धा हवा. बाबांना कळतंय मला काय हवं. मलाच काही कळत नाहीये. मला थोडी वर्षं माहीत नसायला हवीयेत. तेवढी मुभा कॉलेजात देतात म्हणे."

तिने मोटर बंद केली आणि उठून गेली. चाक थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसले. आपल्या पोटच्या पोरीने मागून मागितलं काय, तर काही दिवस माहीत नसणं. तेही द्यायला माझ्या हातात नव्हतं.

तरी मी ह्यांच्याशी बोलले. बोलले नाही असं कुणी म्हणू नये. दाताच्या कण्या केल्या, आणि आमच्या घरात दातांना तोटा नाही.

"अहो, तिला नाही करायचं हे काम."

"कुणी सांगितलं? तिला तर काय करायचं तेच माहीत नाही म्हणते."

"तेच तर..."

"मग मला माहितीये ते बरंच झालं की!"

"आणि धाकटी? ती तर तुमच्या मागे लागलीये, शिकवा म्हणून."

ह्यांनी आवाज खाली आणला. धाकटीवर ह्यांचा जीव जरा जास्तच. "अगं, प्रयत्न का केला नाही मी? तिने हात लावला की मेण घाबरतं. हौस आहे, हात नाही. हौसेवर कुणाला चावता येत नाही."

चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात ना, ते लहानपणापासून ऐकत आले. पण चणे एकीकडे आणि दात दुसरीकडे, आणि दोन्ही आपल्याच घरात, हे बघायचं माझ्याच नशिबी होतं.

शेवटी मी म्हटलं, "परीक्षा घ्या. दोघींची. हात बघून ठरवा."

हे लगेच कबूल झाले. ह्यांच्यात अन्याय नाही, हीच तर अडचण. अन्याय करणाऱ्याच्या विरुद्ध उभं तरी राहता येतं.

आणि थोरलीला जेवायला वाढताना मी एवढंच म्हटलं, "प्रत्येक परीक्षेत पहिलंच आलं पाहिजे असं काही नसतं हं."

तिने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी पोट भरून जेवली.

तर असे ते दोन जबडे. खिडकीखालच्या लांब टेबलाच्या एका टोकाला थोरली, दुसऱ्या टोकाला धाकटी, मध्ये स्पिरिटचे दोन दिवे. "मी समोर असलो की पोरी बावरतील," म्हणून हे बाहेर ओट्यावर पेपर घेऊन बसले. पेपर उलटा नव्हता एवढंच. एकही पान पुढे गेलं नाही.

मी माझ्या चाकापाशी. काम कमी, बघणं जास्त.

धाकटी दात बसवायला लागली की तिची जीभ बाहेर येते. लहानपणी अक्षर काढताना यायची तशी. तिने मेण तापवलं, जास्त तापवलं, ते हिरडीवरून ओघळलं, तिने ते बोटाने थोपवलं, बोट भाजलं, बोट तोंडात घातलं, आणि दुसऱ्या हातातला दात खाली पडला. तो शोधायला टेबलाखाली गेली ती डोकं आपटून वर आली. वर आली तेव्हा हसत होती. दात सापडला होता.

"आई, सुळा होता गं! सुळा हरवला असता तर माझी काही खैर नव्हती."

इतकी सुखी मी तिला शाळेत जाताना कधी पाहिली नव्हती.

आणि थोरली. तिने सुरी दिव्यावर धरली, मेणात टेकवली, पहिला दात उचलला आणि ठेवला. एकदाच. तो तिथे असा बसला, जणू त्या म्हाताऱ्याच्या तोंडात जन्मल्यापासून होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने सुरीच्या टोकाने तो हलकेच वळवला, वाकडा केला. दुसरा दात उचलला. तो आधी नीट बसवला. मग वाकडा केला.

मी डोळे मिटून घेतले. तिला थेट वाकडा दात बसवताच येत नव्हता. आधी नीट करायचा आणि मग बिघडवायचा, अशी ती दुप्पट काम करत होती. एखाद्याला खोटं बोलता येत नसलं की तो आधी मनात खरं बोलून घेतो, तसं.

उन्हं उतरली तेव्हा हे आत आले. हात धुतले, पुसले, चष्मा पुसला. आधी धाकटीचा जबडा उचलला.

"बाबा, खरं सांगायचं हं," धाकटी म्हणाली.

ह्यांनी तो जबडा पुढून पाहिला, बाजूने पाहिला. "बाळ, सगळे फोटोला उभे राहिलेत आणि मध्येच कुत्रं सुटलंय असं वाटतंय गं."

धाकटी हसली. मग तिला त्याचा अर्थ कळला. हसू ओठांवरच राहिलं, डोळ्यांतून गेलं. "शिकले की येईल ना, बाबा? मी रोज बसेन. रोज बसवीन आणि मोडीन."

"बसशील गं," हे म्हणाले. तिच्या केसांवरून हात फिरवला आणि जबडा जपून खाली ठेवला.

थोरलीचा उचलला. तो खरोखर वाईट दिसत होता. समोरचे सगळे दात तिरके, दोन्ही सुळे आत गेलेले. असे दात घेऊन कुणी हसलं असतं तर समोरचा दचकला असता. माझ्या जिवात जीव आला.

ह्यांनी बघितलं. बघतच राहिले. खिडकीपाशी नेऊन बघितलं. मग वरचा आणि खालचा जबडा बिजागरीच्या चौकटीत चढवला आणि मिटला. टक् असा आवाज झाला. एकच, स्वच्छ. उघडला, मिटला. पुन्हा तोच आवाज.

"दाढांना हात लावला नाहीस," हे म्हणाले.

थोरलीने सुरी पुसायला घेतली.

"दिसायचं सगळं बिघडवलंस. खायचं नाही बिघडवलंस. का गं?"

"कुणाला तरी खायचं असतं ना," थोरली खाली बघून म्हणाली.

ह्यांनी मला बोलावलं. "अगं, इकडे ये. बघ. हा डावा सुळा किती आत आहे? उजवा बघ. तेवढाच. हा दात जेवढा फिरवलाय, त्याच्या पलीकडचा तेवढाच फिरवलाय. केसाचा फरक नाही. चूक अशी नसते गं. चूक धाकटीची बघ, दर दाताची निराळी, मनाला येईल तशी. ही..." ह्यांचा आवाज बदलला. "मी उभ्या आयुष्यात एवढी नेटकी चूक पाहिलेली नाही."

"बाबा, मी मुद्दाम केलंय," थोरली म्हणाली.

"ते दिसतंय की मला."

"मला हे करायचं नाहीये म्हणून केलंय. तेवढं बघा ना, बाबा. दात नका बघू."

"बघितलं, बाळा. सगळं बघितलं." ह्यांचे डोळे भरून आले होते. आणि आनंदाने. तिच्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. ओरडले असते, टेबल आपटलं असतं, तर मी मध्ये पडले असते. पण हे तर अशा माणसासारखे दिसत होते, ज्याला वाटत होतं की आपल्या पाठीमागे सगळं संपणार, आणि कळलं की संपणार नाही.

"अहो," मी म्हटलं, "ती काय म्हणतेय ते..."

"तू बघितलंस ना आत्ता? स्वतःच्या डोळ्यांनी?"

बघितलं होतं. तेच तर.

"आता हे बघ," हे थोरलीला म्हणाले, "तुला फक्त एवढंच करायचं होतं." ह्यांनी सुरी घेतली, दिव्यावर तापवली. समोरचा तिरका दात सरळ करून दाखवायचा होता. श्वास धरला. सुरी मेणाला टेकली आणि अंगठा थरथरला. दात सरळ व्हायच्या ऐवजी मेणातून सुटला आणि टेबलावर पडला. ह्यांनी तो उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा सुटला. शेजारचाही सुटला. मेणाला ओरखडे पडले. धाकटी भिंतीकडे बघत होती. मी मोटर चालू करायला हात पुढे केला, पण हात बटणापर्यंत जाईना.

"जरा मेण गार झालंय," हे म्हणाले. मेण गार झालं नव्हतं.

तिसऱ्यांदा दात पडला तेव्हा थोरली उठली.

"द्या," ती म्हणाली.

ह्यांच्या हातातून सुरी घेतली. दिव्यावर धरली. पडलेला दात बसवला, शेजारचा बसवला. मग एकेक करून बाकीचे सरळ करत गेली. सुळे बाहेर ओढले. ओरखड्यांवरून गरम सुरी फिरवून मेण गुळगुळीत केलं. वाकडे करायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या निम्म्यात झालं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हात असा स्थिर होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा.

कुणी काही ठरवलं नाही. धाकटीने टेबलावरचे मेणाचे कण तळहातात गोळा केले आणि हळूच म्हणाली, "मला कॉलेजात जायचंय का, ते कुणी विचारलंच नाही." ते फक्त मी ऐकलं.

भावाने धाकटीला कॉलेजात प्रवेश मिळवून दिला. बापाने सांगितलं म्हणून ती जाऊ लागली. सकाळी बस पकडायची, दुपारी उतरलेलं तोंड घेऊन यायची. आल्याबरोबर पिशवी फेकून मागच्या खोलीत. "ताई, आज काय आलंय? वरचा की खालचा? किती दात?" कॉलेजात काय झालं हे तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "बाकडी चांगली आहेत."

थोरली शिकत होती, आणि शिकवावं तर असा माणूस मिळणं कठीण. रागावणं नाही, घाई नाही. आपण चुकून कधी काय केलं होतं, तेही हे तिला हसत हसत सांगत. एका पेशंटला वरच्या बाजूला खालचे दात बसवले होते म्हणे, आणि तो महिनाभर "सवय होईल" म्हणत राहिला. थोरली हसायची. ऐकायची. विचारलेलं बरोबर सांगायची. तिच्यात काही उणं काढता येईना आणि मला तेच सोसेना.

एकदा एका म्हातारीचे दात घेऊन ती डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. परत आली ती जवळजवळ धावत.

"आई, ती बाई म्हणजे निवृत्त नर्स. आरशात बघेचना. तोंडावर हात धरून बसलेली. डॉक्टर म्हणाल्या, बघा तर. तिने हात काढला आणि म्हणाली, 'अगंबाई, ही तर मीच की!' मीच की, म्हणाली, आई!"

सांगताना थोरलीचा चेहरा उजळला होता. ह्यांनी दारातून ऐकलं आणि मान डोलवली. मग आपला चेहरा उजळलाय हे तिच्या लक्षात आलं असावं. ती थांबली. चपला काढून नीट भिंतीशी लावल्या आणि मागे निघून गेली. त्या दिवशी तिने दिवासुद्धा आपटून ठेवला. कामात मन लागलं म्हणून कुणी इतकं चिडलेलं मी पाहिलेलं नाही.

मी भावाला म्हटलं, "अदलाबदल करता नाही का येणार?"

"कशाची?"

"पोरींची."

"ताई, कॉलेजला चालेल गं. त्यांना कोणीतरी बाकावर बसलं की झालं. भाऊजींचं काय करशील?"

भाऊजींचं मी काय करणार होते? ह्यांनी आता समोरचे दात बसवायचं सोडून दिलं होतं. सकाळी थोरलीचा दिवा पेटवून ठेवत, मेणाचे पट्टे कापून ठेवत, आणि खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसत. आपला हात नीट चालतोय हे बघण्यात ह्यांचा दिवस जाई. तो दुसरीच्या खांद्याला होता, एवढंच.

परवाची गोष्ट. धाकटीची परीक्षा जवळ आलेली. हे डॉक्टरीणबाईंकडे माप आणायला गेले होते. मी एका कवळीला शेवटचा हात देत होते. थोरली टेबलाशी, समोर कुणाचा तरी खालचा जबडा, हातात गरम सुरी. धाकटीने आपलं अर्थशास्त्राचं पुस्तक प्लास्टरच्या डब्याला टेकवून उभं केलं होतं.

"ताई, हे डोक्यात शिरतच नाहीये. मागणी म्हणजे काय? मला हवं म्हणजे मागणीच ना?"

"वाच बघू."

धाकटीने वाचलं. अडखळत, तिसऱ्याच शब्दावर जोर देत.

"थांब, दिसतंय मला." थोरलीने मान पुढे केली. डोळे ओळींवरून भराभर गेले. "नाही. नुसतं हवंसं वाटणं म्हणजे मागणी नव्हे. हवं तर सगळ्यांनाच असतं. ते मिळवायची ऐपतही हवी आणि किंमत द्यायची तयारीही. तेव्हा कुठे तिला मागणी म्हणायचं. नुसत्या इच्छेला हे लोक धरतच नाहीत."

"मग इच्छेचं काय करतात?"

"काही नाही. मोजत नाहीत."

"बरंय," धाकटी म्हणाली. तिचं लक्ष पुस्तकात नव्हतंच. ती थोरलीच्या हाताकडे बघत होती, सुरी किती तिरकी धरलीये, दात कुठल्या दोन बोटांत धरलाय. तिची स्वतःची बोटं मांडीवर तशीच वळत होती.

आणि थोरली पुस्तकाकडे. सुरीवरचं मेण गार झालं तरी तिला कळलं नाही. ती पानाच्या तळापर्यंत पोचली, शेवटची ओळ अर्धीच होती.

"पान उलट," ती म्हणाली. "माझ्या हाताला मेण आहे."

धाकटीने पान उलटलं.